थपडेचा आवाज

२ फेब्रुवारी

बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. गेल्यापासून म्हणजे लेकीकडे गेल्यापासून. असं अर्धवट लिहिलं तर एखादा वाचणारा भलतंच समजायचा. लेकीचं बाळंतपण होतं. बाळ आता सात महिन्यांचं झालं, पण पहिलटकरणीला आईचा आधार लागतोच. तर बोलायला कोणी नाही म्हणून ही वही. स्टुडिओतली कोरी हजेरीवही आहे, कपाटात पडून होती.

आज तीन महिन्यांनी स्टुडिओतून बोलावणं आलं.

माझं काम काय ते लोकांना नेहमी समजावून सांगावं लागतं, तेव्हा वहीलाही सांगून ठेवतो. सिनेमात माणूस चालतो, दार लोटतो, कप खाली ठेवतो. चित्रीकरणाच्या वेळचे हे आवाज बहुतेकदा वापरण्यासारखे नसतात. मग मी अंधाऱ्या खोलीत, पडद्याकडे बघत, माइकसमोर तेच सगळं पुन्हा करतो. पावलांसाठी जमिनीत चौकोनी खड्डे केलेले आहेत: एकात वाळू, एकात खडी, एकात फळ्या, एकात फरशी. भिंतीशी बुटांचे चाळीस जोड आहेत. पोलिसाचे, नायकाचे, म्हाताऱ्याचे, नायिकेचे टाचांचे. सगळे माझ्याच मापाचे. नायिका चालली तरी पाय माझेच.

पण माझं नाव झालं ते ठोशांवर. टेलिफोनची जुनी डिरेक्टरी ओल्या चामड्यात गुंडाळायची आणि तिच्यावर मूठ हाणायची. हाड मोडायचं असेल तर शेजारी कोबीचा गड्डा. तीस वर्षं मला सगळे 'ठोसेवाले' म्हणतात. एक नायक तर इतका काडीपैलवान होता, की त्याचा ठोसा लागून माशी उडाली नसती. थिएटरात लोक शिट्ट्या मारायचे ते माझ्या मुठीला.

आता ते ठोसे यंत्रात साठवलेले आहेत. बटण दाबलं की माझीच मूठ. मला बोलवायची गरज उरली नाही.

आजची दिग्दर्शिका पस्तिशीची असेल. केस बारीक, बोलणं हळू. म्हणाली, "आमच्या सिनेमात एकही मारामारी नाही."

मी म्हटलं, "मग मला कशाला बोलावलंत बाई?"

"तुमचे हात हवेत. आम्हाला लागणारे आवाज यंत्रात नाहीत. कोणी कधी करूनच ठेवले नाहीत."

नायक रॉक गायक आहे. रात्री कार्यक्रम करतो, दिवसा चार वर्षांच्या मुलीला एकटा सांभाळतो. बस, एवढीच गोष्ट.

६ फेब्रुवारी

पहिलाच प्रसंग मुलीचे केस विंचरण्याचा. मी खोट्या केसांचा टोप घेतला, कंगवा घेतला आणि पडद्याकडे बघत सुरू केलं. पहिल्याच झटक्यात चांगला खर्रकन आवाज आला. मी खूश.

काचेपलीकडून दिग्दर्शिका म्हणाली, "तुम्ही केस ओढताय. तो ओढत नाहीये."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. नवव्या वेळी तिनं विचारलं, "तुम्ही तुमच्या मुलीचे केस कधी विंचरले नाहीत का?"

"ते तिच्या आईचं खातं होतं," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं, त्यात वाईट वाटण्यासारखं काय? 

शेवटी रेकॉर्डिस्ट आत आला. हा आडदांड गडी, मिशा अशा की पूर्वी कोणत्याही सिनेमात खलनायकाचा उजवा हात म्हणून खपला असता. त्यानं माझ्या हातातून टोप घेतला, मांडीवर ठेवला, बटा डाव्या मुठीत धरल्या आणि मुठीच्या खाली कंगवा चालवला. "असं धरलं की मुळाशी ओढ बसत नाही," म्हणाला. "माझी रोज सकाळी रडायची. मग शोध लागला." आवाज बरोब्बर आला. जवळजवळ नव्हताच, पण आला.

घरी आलो. न्हाणीघराच्या फळीवर बायकोचा कंगवा दिसला नाही. साहजिक आहे, कंगवा माणूस बरोबर नेतंच.

९ फेब्रुवारी

आज नायकाचा तयार होण्याचा प्रसंग. आरशासमोर बसून डोळ्यांत काजळ घालतो आणि कशिदा काढलेला कोट चढवतो. मुलगी शेजारी बसून त्याला काजळाची डबी देते. डबीचं झाकण, बोटाचा स्पर्श, कापडाची सळसळ. तासाभरात उरकलं. काम म्हणून केलं, पण मनात म्हटलं, हा नायक?

आमचे नायक दार उघडत नसत, तोडत. पहिल्या रिळात दार, दुसऱ्यात बाटली, तिसऱ्यात कोणाचा तरी जबडा. रडले तर आई गेल्यावर, तेही एकदाच, आणि रडून झालं की लगेच उठून सूड घ्यायला निघत. चहा करताना मी एकही नायक पाहिला नाही. चहा त्यांना मिळायचा.

रॉकचंही तेच. तरुणपणी मीही ऐकायचो. माझ्या खोलीत एक पोस्टर होतं. आता आठवतो तो गायक तर त्याचे केस कमरेपर्यंत होते, विजार अशी घट्ट की श्वास कसा घेत असेल देव जाणे, आणि ओठ रंगवलेले. पण त्याला कोणी बायकी म्हटलं नाही. का म्हटलं नसेल? जेवायला बसल्यावर विचार करत होतो. मला वाटतं, तो ओरडत होता म्हणून. ओरडलं की बाकी सगळं माफ असायचं.

माझ्या मुलाचा बँड हळू आवाजात गायचा.

पुढे लिहायचं नाही.

१२ फेब्रुवारी

बायकोचा फोन. शिलाई मशीन पाठवून द्या म्हणाली. बाळाची झबली शिवत असेल. मी म्हटलं, "आता किती दिवस राहिलेत, कशाला ओझं?" ती म्हणाली, "पाठवा." ट्रान्सपोर्टवाल्याला सांगितलं आहे. मशीन बांधून दाराशी ठेवलंय; होतं तिथे जमिनीवर चार उजळ ठिपके राहिलेत, आजूबाजूची फरशी मात्र काळपट.

१५ फेब्रुवारी

मशीन गेलं. तिची पुस्तकांची पेटीही नेली त्यानं. तिनं परस्पर सांगितलं होतं म्हणे. लेकीकडे दुपारी बाळ झोपल्यावर वेळ जात नसेल.

काम बरं चाललंय. ताप आलेल्या मुलीच्या कपाळावरची घडी बदलणं, खाली सांडलेलं दूध पुसणं, झोपलेल्या पोराच्या पायातले मोजे काढणं. मोज्याला चार वेळा चुकलो. मी ते एका ओढीत काढत होतो. दिग्दर्शिका म्हणाली, "ती जागी होईल ना." आता बोलताना ती माझ्याकडे बघून हसते. मला ठोसेवाले म्हणत नाही, काका म्हणते.

रेकॉर्डिस्टनं डबा वाटून खायला लावला. त्यानंच केलेला. मी म्हटलं, "बायको करत नाही?" तो म्हणाला, "करते की. सोमवार, बुधवार, शुक्रवार."

२० फेब्रुवारी

आज सातवं रीळ.

नायकाचा बाप येतो. कार्यक्रमाआधी पडद्यामागे त्याला काजळात बघतो आणि थोबाडीत मारतो. मग निघून जातो. एवढंच. पण दिग्दर्शिका सकाळीच म्हणाली होती, "काका, अख्ख्या सिनेमात एकच मार आहे. आणि तुमच्याइतका चांगला तो कोण करणार?"

मी खूश होतो. बऱ्याच दिवसांनी माझ्या हातातलं काम. चामड्याचे दोन तुकडे घेतले, एक कोरडा, एक ओला. ओल्यावर कोरडा सपकन मारला. पहिल्याच झटक्यात खोली दणाणली. रेकॉर्डिस्टनं काचेमागून अंगठा दाखवला.

दिग्दर्शिकेनं तीनदा ऐकलं. मग म्हणाली, "ही सिनेमातली थप्पड आहे. मला घरातली हवी."

"म्हणजे?"

"म्हणजे बापानं मुलाला मारलेली. तुम्हाला माहीत असेल ना, ती कशी वाजते?"

तिनं सहज विचारलं होतं. तिच्या डोळ्यांत तसं काही नव्हतं, मी नीट बघितलं. सात वेळा केली. प्रत्येक वेळी ती म्हणायची, जरा जास्तच झाली. आठव्या वेळी मी चामडं खाली ठेवलं. पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर पडलो तो सरळ घरी आलो. स्टुडिओ सोडून मधूनच निघून येण्याची ही तीस वर्षांतली पहिली वेळ.

२१ फेब्रुवारी

गेलो नाही. रेकॉर्डिस्टचा फोन आला, ताप आहे असं सांगितलं.

लिहूनच टाकतो. वाचणार कोण आहे?

बारा वर्षं झाली. मुलगा एकोणीसचा होता. त्याच्या कॉलेजच्या सभागृहात बँडचा कार्यक्रम होता. मी स्वतःहून गेलो, हे कोणी लक्षात घेत नाही. वर स्टुडिओतले तिघे बरोबर नेले, पोरगा गातो म्हणून. कौतुकानंच. पडद्यामागे भेटायला गेलो तर त्यानं डोळ्यांत काजळ घातलेलं, अंगात बहिणीचा फुलाफुलांचा सदरा. गिटार गळ्यात. मला बघून हसला. खूप हसला, आनंदानं. बरोबरचे तिघे एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, "ठोसेवाल्यांचा मुलगा ना हा?"

मी म्हटलं, "हे काय सोंग आहे? तोंड धुऊन ये."

तो रागावला नाही. अजूनही हसतच होता. म्हणाला, "बाबा, तुम्ही पण टाचांचे बूट घालता की रोज."

ते तिघे हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. तो चिडवायला बोलला नव्हता. लहानपणी मी त्याला स्टुडिओत नेत असे, तेव्हा मी नायिकेचे बूट घालून फरशीवर टकटक चालत असे आणि तो टाळ्या वाजवत असे. त्याला वाटलं असेल, आपण दोघं एकाच जातीचे. हे मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा फक्त हसणं ऐकू आलं.

मारली मी.

आवाज झालाच नाही म्हटलं तरी चालेल. त्याचा गाल घामानं ओला होता आणि माझी बोटं अर्धी कानावर गेली. भरल्या उशीवर हात ठेवावा, तेवढाच. इतका लहान, की दोन पावलांवर तार लावत उभ्या असलेल्या पोरानं मान वर केली नाही. मोठा आवाज नंतर झाला. गिटारच्या पट्ट्याची पितळी कडी भिंतीला आपटली. मग त्यानं श्वास आत घेतला, आणि तो बाहेर सोडलेला मला ऐकू आला नाही. मग वाकून काजळाची डबी बॅगेत टाकली आणि बॅगेची चेन लावली. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मी पुढच्याच क्षणी निघालो. गाणं ऐकायला थांबलो नाही. त्यांनी गाणं म्हटलं की नाही हे मला आजही माहीत नाही.

पुढे शिक्षण झालं, तो दुसऱ्या गावी गेला. मेडिकल लाइनमध्ये आहे. दर रविवारी आईला फोन करतो. आमचं भांडण वगैरे काही नाही.

२३ फेब्रुवारी

आज केली.

चामडं घेतलं नाही. चेहऱ्यावर ओला रुमाल फिरवला, माइक जवळ घ्यायला सांगितला आणि स्वतःच्या गालावर मारली. अर्धी बोटं कानावर. रेकॉर्डिस्ट उठून उभा राहिला. मी म्हटलं, "बस खाली, चालू ठेव." मग पितळी कडी भिंतीला लावली. मग श्वास. तो मीच घेतला आणि पोटात धरून ठेवला. मग बॅगेची चेन.

बॅग पडद्यावर नव्हती. दिग्दर्शिकेनं विचारलं, "चेन कशाची?"

"मुलगा सामान आवरतो," मी म्हटलं. "तुमच्या चित्रात तो दिसत नसला तरी आवरतो."

तिनं ती चेन पुन्हा एकदा ऐकली. मग बटण दाबून हळूच म्हणाली, "आणि बाप?"

"बाप लगेच निघतो. भराभर चालतो. कोणी हाक मारू नये म्हणून."

"मग घरी जाऊन बोलतात का दोघं?"

"बाप बोलत नाही. दीड वर्ष."

हे माझ्या तोंडून निघून गेलं. तिच्या सिनेमात असं काही नाही. मी पुरुषाचे काळे बूट घातले, फरशीच्या खड्ड्यात उभा राहिलो आणि बापाची पावलं दिली. पहिल्याच वेळेस बरोबर आली. रेकॉर्डिस्ट डोळे पुसत होता, सगळ्यांदेखत, अगदी लाज न बाळगता. मला त्याचा हेवा वाटला.

२५ फेब्रुवारी

बायकोचा फोन आला. मी आपण होऊन म्हटलं, "परवा थपडेचं काम झालं. लहान आवाज होता, जमला."

तिनं विचारलं, "कुठल्या थपडेचं?"

"सिनेमातल्या."

ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला एव्हाना कळलं असेल."

"काय?"

"मी परत येत नाहीये."

मी विचारलं, माझ्या हातून काय झालं? मी तुला कधी बोट लावलं नाही. आवाज चढवला नाही. दारू नाही, बाहेरचं काही नाही.

"नाही," ती म्हणाली. "तसं काहीच नाही. तुम्ही वाईट नव्हता हो. पण जेवताना मी पंधरा मिनिटं काही सांगत असायचे आणि तुम्ही म्हणायचात, मीठ दे. पस्तीस वर्षं मी मीठ दिलं. इथे लेक विचारते, आई, मग पुढे काय झालं? तर मला रडू येतं. एवढ्याशा गोष्टीनं."

मी म्हटलं, "मशीन नीट पोचलं का?"

ती म्हणाली, "पोचलं."



२७ फेब्रुवारी

काही नाही.

१ मार्च

काम संपलं. शेवटच्या दिवशी दिग्दर्शिकेनं हात हातात घेतला. "काका, पुढच्या सिनेमातही तुम्हीच," म्हणाली. म्हणेल.

घरी आलो, कुलूप काढलं. कपाट उघडून बघितलं, आज पहिल्यांदाच. तिच्या बाजूला थंडीचे कपडे नाहीत, उन्हाळ्याचे नाहीत, तिच्या आईचा फोटो नाही. आठ महिन्यांत हे कपाट मी रोज उघडलंय. माझी बाजू. दाराला दोन झडपा आहेत, मी एकच उघडायचो.

४ मार्च

मुलाचा नंबर माझ्याकडे नव्हता. लेकीकडून घेतला. ती म्हणाली, "बाबा, रागवायला करणार असाल तर नका करू." मी नाही म्हटलं.

त्यानं उचलला. मी म्हटलं, "मी बोलतोय."

"आई बरी आहे ना?" हे त्याचं पहिलं वाक्य. माझा फोन म्हणजे कोणाचं तरी काहीतरी झालेलं असणार.

मी सांगितलं, सगळे बरे आहेत. मग एका दमात म्हटलं, "त्या दिवशी सभागृहात मी तुला मारलं. माझं चुकलं." पाठ केलं होतं, म्हणून नीट आलं.

 मागे कोणाचं तरी ट्रॉली ढकलणं ऐकू येत होतं, एक चाक करकरत होतं. मग तो म्हणाला, "बाबा, थप्पड काय, एक क्षण होता. मला दुसऱ्या दिवसापासूनचं आठवतं. तुम्ही आईला म्हणायचात, 'त्याला सांग, जेवायला बस.' मी समोरच बसलेलो असायचो."

मी म्हटलं, "हो."

"दीड वर्ष."

"हो."

"मला ड्युटी आहे," तो म्हणाला. मी विचारलं, येऊन भेटू का? तो नाही म्हणाला नाही. म्हणाला, "कळवतो."

१९ मार्च

त्यानं कळवलं नाही. लेकीनं कळवलं: शनिवारी दुपारी एक ते दोन तो मोकळा असतो, इस्पितळाच्या कँटीनमध्ये. त्यानं सांगितलं की तिनं ठरवलं, ते विचारलं नाही.

२४ मार्च

काल जाऊन आलो. सविस्तर लिहितो, नाहीतर मी माझ्या सोयीचं लक्षात ठेवीन.

सकाळची गाडी धरली, लवकर पोचलो. बारा वाजून दहा मिनिटं. कँटीनमध्ये बसवेना म्हणून चौकशी करत वरच्या मजल्यावर गेलो. मुलगा परिचारक आहे. मेडिकल लाइन म्हणजे ते. लोकांना मी अर्धवट सांगायचो आणि ते डॉक्टर समजले तर दुरुस्त करायचो नाही.

वॉर्डाचं दार अर्धं काचेचं होतं. आत तो एका म्हाताऱ्याची दाढी करत होता. घर सोडल्यापासूनच्या दहा वर्षांत मी त्याला दोनदाच पाहिलं असेल, तेही लग्नाकार्यात, लांबून. जाड झालाय. दाढी ठेवलीय. डोळ्यांत काजळ वगैरे नाही. डाव्या हातानं त्यानं म्हाताऱ्याची हनुवटी धरली होती आणि उजव्या हातानं वस्तरा चालवत होता, आणि सारखा बोलत होता. काय ते काचेतून कळत नव्हतं. म्हातारा मधूनच हसायचा, मग तो वस्तरा उचलून थांबायचा, हसून होऊ द्यायचा, पुन्हा सुरू करायचा. झाल्यावर त्यानं ओल्या फडक्यानं कानामागचा साबण पुसला. कोणी सांगितलं नव्हतं पुसायला, कोणाला दिसणारही नव्हता.

मला त्या म्हाताऱ्याचा मत्सर वाटला. कोण कुठला आजारी माणूस, नळ्या लावलेला, आणि मला त्याच्या जागी असावंसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

एक वाजता तो खाली आला. कोपरापर्यंत हात धुतले, मग समोर बसला. मी म्हटलं, "वर आलो होतो. बघितलं." तो म्हणाला, "दिसलात मला." दोन सूप आणि ब्रेड घेतला.

मी विचारलं, "गाणं सोडलंस?"

"सोडलं म्हणजे सुटलं. ड्रमवाल्याला नोकरी लागली, एकाचं लग्न झालं. तुम्हाला वाटत असेल तर तुमच्यामुळे नाही."

मला तसंच वाटत होतं. बारा वर्षं वाटत होतं, मी एक गाणं मारलं. त्याच्या आयुष्यात मी तेवढाही मोठा नव्हतो. हायसं वाटायला हवं होतं, पण बसल्या जागी एकदम रिकामं वाटलं.

"त्या दिवशी म्हटलंत का गाणं?" मी विचारलं.

"म्हटलं ना. सहाच्या सहा. बरी झाली होती." मग ब्रेडचा तुकडा मोडत, "आई पुढच्या रांगेत होती."

मला हे माहीत नव्हतं. तिनं सांगितलं असेल कधी. जेवताना सांगितलं असेल.

मग तो म्हणाला, "तुमचं काय चाललंय?" मी सुरुवात केली. दिग्दर्शिका, केसांचा टोप, रेकॉर्डिस्टनं दाखवलेली बटा धरायची रीत. तो हसला. म्हणाला, "आम्ही पण तसंच धरतो, वॉर्डात." मी मोजे काढायचं सांगितलं. एवढं सलग मी कोणाशी केव्हा बोललो होतो आठवत नाही. बोलता बोलता लक्षात आलं की त्याचं सूप संपलंय आणि माझं तसंच आहे. मी थांबलो आणि म्हटलं, "तू सांग." तो म्हणाला, "वेळ झाली आता." खरंच दोन वाजायला चार मिनिटं होती.

जिन्यापर्यंत बरोबर गेलो. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, तो रेंगाळला. मी नेहमीसारखा वळून भराभर निघालो असतो, पण उभा राहिलो.

तो म्हणाला, "आईबद्दल कळलं. मी मध्ये पडणार नाही. ती तिथे बरी आहे."

"हो," मी म्हटलं. "मलाही तसंच वाटतं."

"आणि यापुढे ताईकडून निरोप नका पाठवू. मला सांगायचं असेल तर मला सांगा."

मी मान हलवली. मग हे पुरेसं नाही असं वाटून तोंडानंही म्हटलं, "सांगीन."

तो वर गेला. त्याची पावलं मी वळणापर्यंत ऐकली, धंद्याची सवय. रबरी तळ, वजन टाचेवर, दमलेला माणूस.

संध्याकाळी घरी पोचलो. डाळ-भात लावला, एका माणसापुरता, अजूनही जास्तच होतो. जेवायच्या आधी फोन घेऊन बसलो. लेकीला कळवायची सवय आहे, तिचंच नाव वर येतं. ते खाली सारून त्याचं काढलं. काय लिहावं कळेना. चार वेळा लिहून पुसलं. शेवटी लिहिलं, 'पोचलो.'

भात निवेपर्यंत उत्तर नाही. मग आलं. 'बरं.'

दोनच अक्षरं. पण मला पाठवलेली.